काठोकाठ

"पाणी कधी खोटं बोलत नाही," असं फरशीवाल्याने धीरगंभीर आवाजात सांगितलं आणि काठोकाठ भरलेला काचेचा पेला जेवणाच्या टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवला. समोर त्याची बायको, बायकोचा थोरला भाऊ आणि भावाची बायको असे तिघे हात आवरून बसले होते. पेल्यातलं पाणी क्षणभर निमूट राहिलं. मग त्याच्या मधोमध एक बारीक वर्तुळ उठलं, त्याच्यामागून दुसरं, आणि "बाहेर" एवढा एकच शब्द टाकून फरशीवाला दारातून, अंगणातून, फाटकातून थेट रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला. मागोमाग ते तिघेही गेले. वहिनीच्या हातात वाढायचा डाव होता.

पृथ्वी बराच वेळ जागच्या जागी राहिली. समोरच्या खिडकीतून कोणीतरी विचारलं, काय झालं हो. दादा म्हणाला, काही नाही, जेवणाआधी जरा पाय मोकळे करतोय. वहिनीने डाव पदराआड घेतला.

खरी गोष्ट अशी होती की, बसल्या बसल्या गुडघा हलवायची दादाला लहानपणापासून खोड होती, आणि टेबलाचा एक पाय आखूड होता. पाणी खोटं बोललं नव्हतं. ते दादाच्या गुडघ्याबद्दल बोलत होतं.

त्याआधी जमीन खरोखर हलली होती, त्या संध्याकाळी शहराच्या त्या भागातल्या बऱ्याच इमारती उभ्याच राहिल्या. फरशीवाल्याची राहिली नाही. चहाला दूध नव्हतं. आणायची पाळी त्याची होती, पण दिवसभर उकिडवं बसून त्याचे गुडघे धरले होते, म्हणून बायकोच पिशवी घेऊन खाली उतरली. ती दुकानाच्या पायरीवर होती आणि तो स्वयंपाकघराच्या चौकटीत होता, एवढाच काय तो दोघांमधला फरक. दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आल्यावर त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या अंगावर कोपराला खरचटल्याची एक खूण होती. नशीबवान, असं सगळे म्हणाले. नशीबवान माणसाला बघायला लोक कितीतरी दिवस येत राहिले. ढिगारा उपसणाऱ्यांपैकी एकजण मुद्दाम सांगायला आला, की वरच्या मजल्याचा स्लॅब फुटला पण त्यावरच्या फरशीचा एकही जोड सुटला नाही. ती फरशी यानेच घातली होती. हे ऐकून याला बरं वाटेल, असा त्या बिचाऱ्याचा समज होता.

दादाने दोघांना आपल्या घरी आणलं. बायको आतल्या खोलीत झोपायची. फरशीवाला घराला लागून असलेल्या गाडीच्या शेडमध्ये, घडीच्या पलंगावर. शेडवर पत्रा होता. पत्रा पडला तर खोक पडते, माणूस पडत नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. जेवायला तो आत यायचा, पण खुर्ची दाराकडे तोंड करून आणि पायात बूट घालून.

पहिल्या पेल्यामागून दुसरा आला, मग तिसरा. एक खिडकीत, एक फ्रिजवर, एक दूरदर्शन संचावर, एक न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. फरशीवाल्याचं उभं आयुष्य पाण्याच्या भरवशावर गेलं होतं. पारदर्शक नळीतल्या पाण्याची पातळी बघून त्याने मोठमोठे दिवाणखाने सपाट केले होते. त्याचा देवावर विश्वास होता की नाही ते सांगता येत नाही, पण पाणसळीवर होता. घरातले सगळे पेले असे पहाऱ्यावर लागल्यामुळे प्यायला पेला उरला नाही. पाहुण्यांना पाणी कपातून देऊ लागले. एक पाहुणा बशीची वाट बघत बसला.

हळूहळू घर चालायला शिकलं. वहिनी जन्मात कधी दबक्या पावलांनी चालली नव्हती, ती मांजरासारखी चालू लागली. कपडे धुण्याचं यंत्र फरशीवाला घराबाहेर पडला की लावायचं, असं ठरलं. तो क्वचितच बाहेर पडायचा, त्यामुळे सगळेच जरा मळकट दिसू लागले. दादा गुडघ्यावर हात दाबून जेवायचा. तरीही आठवड्यातून एकदोनदा वरात रस्त्यावर जायचीच, आणि समोरच्या खिडकीने आता विचारणंही सोडून दिलं होतं.

मग दादाला युक्ती सुचली. त्याने प्रत्येक पेल्याच्या बुडाखाली रबराची चकती चिकटवली. पेले एकदम शहाणे झाले. जाता येता धक्का लागला तरी पाणी ढिम्म हलेना. दादा खूश होता आणि ही गोष्ट कोणाला सांगायची नाही असं त्याने बहिणीला बजावलं होतं. रबर कुठून आणलं, असं तिने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून दादा घरात चालताना एका बाजूला किंचित झुकतो, हे तिच्या लक्षात आलं होतं.

ती तयार कपड्यांच्या एका दुकानात मापं बदलायचं काम करायची. पॅंटा आखूड करणं, कंबर सैल करणं, बाह्या वर घेणं. तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय होती, आणि तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही, ही तिच्या संसाराची मोठी सोय होती. जमीन हलल्यापासून ती घरी आल्यावरही टाचण्या काढायची नाही. चहापुरत्या काढल्या, तरी चहा बिनदुधाचा प्यायची. विचारलं तर म्हणायची, दुधाने पित्त होतं.

समुपदेशक बाईंकडे तिनेच त्याला नेलं. दवाखाना तळमजल्यावर होता, हे आधी फोनवर विचारून घेतलं होतं. बाई तरुण होत्या आणि त्यांना सर्दी झालेली होती. त्यांच्या मागे भिंतीवर वाऱ्यात वाकलेल्या झाडाचं चित्र होतं, आणि झाड वाकतं पण मोडत नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्यावर लिहिलेलं होतं. चित्राचा एक कोपरा सुटून पुढे लोंबत होता. बाईंनी त्याला डोळे मिटून एखादी सुरक्षित जागा मनात आणायला सांगितली. त्याने आणली. काय दिसतंय, असं विचारल्यावर तो म्हणाला, मैदान. मैदानात काय आहे? काही नाही. झाडबीड? झाड पडू शकतं. बाईंनी नाक पुसलं आणि डोळे उघडायला सांगितलं.

डोळे उघडल्यावर तो बाईंकडे न बघता त्यांच्या खुर्चीखाली बघू लागला.

"तुमची ती फरशी पोकळ आहे," तो म्हणाला. "खुर्ची सरकली की वाजते."

"कुठली?"

त्याने बोट दाखवलं.

"ठोकून सांगता का? म्हणजे मला तक्रार करता येईल."

फरशीवाल्याने दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले. जमीन हलल्यापासून त्याने एकही काम घेतलं नव्हतं. गुडघे दुखतात, सिमेंटने हात फुटतात, अशी कारणं तो सांगायचा, आणि फरशीच्या कामात ती सगळी खरीच असतात. फरशी बसवली की हातोडीच्या दांड्याने ठोकून बघायची असते. आवाज भरीव आला तर खाली सिमेंटचा माल नीट बसलाय, पोकळ आला तर उचलून पुन्हा बसवायची. न ठोकता फरशी घालणारा माणूस म्हणजे चव न बघता स्वयंपाक करणारा.

"ठोकलं की वाट बघावी लागते," तो म्हणाला.

"कशाची?"

"उत्तराची."

मग त्याने सांगितलं. बायको शेजारच्या खुर्चीवर होती आणि तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती. तो चौकटीत अडकला तेव्हा त्याच्या हाताशी एक चमचा आला. चमच्याने तो नळाच्या पाइपवर ठोकत राहिला. बऱ्याच वेळाने वरून उत्तर आलं. वरच्या मजल्यावर एक म्हातारा राहायचा. रात्रंदिवस खुर्च्या ओढायचा, आणि फरशीवाल्याने खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकून ठोकून त्याच्याशी कायमचं वैर घेतलं होतं. तो म्हातारा आता काठीने ठोकत होता. याने दोनदा ठोकलं की तो दोनदा. तीनदा की तीनदा. इतक्या वर्षांत दोघांचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

"मग उजाडता उजाडता बंद झालं," फरशीवाला म्हणाला. "मी ठोकलं थोडा वेळ. मग म्हटलं, म्हातारा झोपला असेल. झोपमोड नको."

बायकोने पर्सची चेन उघडली आणि लावली. पुन्हा उघडली. बाई काहीच शहाणपणाचं बोलल्या नाहीत, हे त्यांचं शहाणपण. थोड्या वेळाने म्हणाल्या, पेले असू द्या, एकदम काढायचे नाहीत, सवडीने एकेक कमी करू. जिने पण एकेक पायरी करत. पुढच्या आठवड्यात या.

"आणि फरशी?" त्याने विचारलं.

"राहू द्या. मला सवय झालीय."

तो जात राहिला. पेले खरंच कमी झाले. पहिल्यांदा न्हाणीघरातला गेला, मग फ्रिजवरचा. वहिनीने ते घासून फळीवर उलटे ठेवले, पण कोणी त्यातून पाणी प्यायला धजावलं नाही.

दरम्यान दादाची मुलगी जुळ्या मुलांना घेऊन माहेरी राहायला येणार, असा फोन आला. तिच्या नवऱ्याची बदली लांब झाली होती. वहिनीने फक्त एक दिवस आतल्या खोलीतली गादी उन्हात टाकली, आणि बघणाऱ्याने काय ते समजून घेतलं.

फरशीवाल्याच्या बायकोने त्याच आठवड्यात जागा बघितली. दुकानापासून जवळ, दोन खोल्या, मालकीण म्हातारी आणि बहिरी, त्यामुळे कटकट नाही. फरशी अर्धवट होती. आधीचा कारागीर मालकिणीशी भांडून अर्ध्यावर निघून गेला होता. जागा दुसऱ्या मजल्यावर होती. तिने नवऱ्याला न विचारता हो सांगितलं आणि संध्याकाळी शेडमध्ये त्याच्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. आधी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून पदराला टोचल्या. तेवढ्यावरूनच त्याला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"मी तिथं राहायला जाणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तिथं शेड नाही."

"कितवा मजला?"

तिने सांगितलं.

तो पत्र्याकडे बघत राहिला. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून आकाशाचा एक तुकडा दिसायचा. या तुकड्याच्या आधाराने त्याने इतके महिने काढले होते.

"फरशी कुणी घालायची?" त्याने विचारलं.

"ते तुम्हाला नसेल जमत तर दुसरा बघू. पुष्कळ आहेत."

हे तिने मुद्दाम म्हटलं की सहज, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण फरशीवाला उठून बसला. पुष्कळ आहेत, हे त्याच्या धंद्याबद्दल कोणी बोललेलं त्याला कधीच खपलं नव्हतं.

त्या इमारतीत पहिल्यांदा शिरताना त्याने हातात पेला घेतला होता. वर नळाला अजून पाणी आलेलं नव्हतं, त्यामुळे पेला खालूनच भरून न्यावा लागणार होता, आणि अर्धा भरलेला पेला त्याला चालत नव्हता. काठोकाठच हवा. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पाणी डचमळलं. तो थांबला. पाणी थांबेपर्यंत थांबला. मग पुढचा पाय. बायको मागून येत होती, एका हातात शिवणाची पिशवी आणि दुसरा हात त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. धरायचं नव्हतं, पण सोडायचंही नव्हतं. त्याची नजर पाण्यावरून हलत नव्हती. ना त्याने छत बघितलं, ना कठडा, ना भिंतीवरची चीर, जी तिने पाहिली आणि गिळली. मालकीण दारात येऊन बघत होती. नवीन भाडेकरू काही धार्मिक विधी करतायत असं समजून तिने मान लववली.

जिना संपला तेव्हा तो म्हणाला, "अजून किती आहे?"

"आलं," ती म्हणाली.

एक थेंब सांडला नव्हता. पेला त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, नीट निरखला आणि मग मान वर करून पहिल्यांदा खोली बघितली. बघितलीच असं नाही. आधीच्या कारागिराने घातलेल्या अर्ध्या फरशीकडे त्याची नजर गेली आणि तो मनापासून म्हणाला, "गाढव आहे."

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. झोपायला शेडमध्येच यायचा, पण दिवस वरच काढायचा. दुकानाने तिला काम घरी न्यायची परवानगी दिली होती, त्यामुळे ती बाहेर जिन्याच्या चौकात सतरंजी टाकून पॅंटा आखूड करत बसायची, दार उघडं ठेवून. तो माल कालवायचा, थापीने पसरायचा, दोरी लावायचा, फरशी ठेवायचा, पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये येईपर्यंत दाबायचा. आणि तिथेच थांबायचा. हातोडी उचलायचा, तिचा दांडा फरशीजवळ न्यायचा आणि परत खाली ठेवायचा. पहिल्या दिवशी सगळी ओळ त्याने न ठोकता घातली. घरी येताना तो एखाद्या चोरासारखा चालत होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला आतून आवाज आला. ठक. एकच.

मग काहीच नाही. तिची सुई थांबली. आत तो गुडघ्यांवर बसलेला असणार, हातोडी हातात, मान थोडी वर केलेली, हे तिला भिंतीच्या अलीकडूनही दिसत होतं. त्याला हाक मारायची होती. पण तोंडात टाचण्या होत्या, चांगल्या मूठभर, आणि त्या एकेक काढेपर्यंत फार उशीर होईल असं तिला वाटलं. हातात कात्री होती. तिने कात्रीची मूठ जमिनीवर आपटली. ठक.

आत पुन्हा शांत. मग ठक, ठक. तिने दोनदा आपटली. नंतर बराच वेळ थापी खरवडल्याचा आवाज आला, आणि मग पुढची फरशी.

काम तसंच चालू झालं. तो आतून ठोकायचा, ती बाहेरून उत्तर द्यायची. कधी ती धागा ओवत असली तर उत्तराला उशीर व्हायचा, आणि तोवर आत काम थांबलेलं असायचं. एक दिवस दादा डबा घेऊन आला आणि बहीण जिन्यात बसून कात्री आपटतेय, हे बघून चिंतेत पडला. त्याने तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुलाही बाईंकडे जायचंय का. तिने टाचण्यांमधून हसायचा प्रयत्न केला.

रस्त्याचा रोलर आला तो दिवस साधाच होता. आत शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. दादा आणि वहिनी नवीन घर बघायला म्हणून आले होते आणि आत ओल्या फरशीवर पाय देता येणार नाही म्हणून जिन्याच्या चौकातच तिच्याशी बोलत उभे होते. वहिनी सांगत होती, जुळ्यांनी आल्या आल्या एक खुर्ची मोडली. तेवढ्यात पायाखाली काहीतरी गुरगुरलं. कठडा थरथरला. डब्याचं झाकण वाजलं.

फरशीवाल्याने या तिघांना उत्तम शिकवून ठेवलं होतं. एकही शब्द न बोलता, एकमेकांना न ढकलता, ज्या सुबक शिस्तीने ते जिना उतरले, त्या शिस्तीने एखाद्या शाळेने सुद्धा कवायत केली नसती. मालकीण दारात होती, तिला दादाने जाता जाता दंडाला धरून सोबत घेतलं. तिला काही ऐकू आलेलं नव्हतं, पण तिने विरोध केला नाही. सगळे रस्त्याच्या मध्यभागी येऊन उभे राहिले.

मग वहिनीने आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "भावोजी?"

बायकोच्या हातात कात्री होती. एक पॅंट तिच्या पदराला टाचणीने अडकून खालपर्यंत आली होती. ती वर बघत होती. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. पुन्हा एकदा तो वर होता आणि ती खाली होती. या खेपेला तर कोणी तिला दूध आणायला पाठवलंही नव्हतं. तिचे पायच आले होते. दादा काहीतरी बोलत होता, ते तिला मालकिणीइतकंच ऐकू येत होतं.

वरून आवाज आला. ठक.

तिने कात्री घट्ट धरली. रस्त्यावर आपटली असती तर त्याला ऐकू गेलं नसतं. हाक मारायला तोंड उघडलं, तर टाचण्या. त्या तिने तशाच थुंकून टाकल्या, आयुष्यात पहिल्यांदा. तरीही आवाज फुटेना.

खिडकी गप्प होती. ती किती वेळ गप्प होती हे कोणी मोजलं नाही, पण दादाचा गुडघा उभ्या उभ्या हलू लागला होता.

ठक, वरून आलं. मग थापीचा खरखर आवाज. मग ठक, ठक. आणि थोड्या वेळाने, जरा पुढे सरकून, पुन्हा ठक.

बायको रस्त्यावर खाली बसली. वहिनीला वाटलं, चक्कर आली. ती टाचण्या गोळा करत होती. एखाद्याच्या पायात जाईल, ती म्हणाली.

वर गेली तेव्हा तो शेवटच्या ओळीत होता, दाराकडे पाठ करून. आज पायात बूट नव्हते. ओल्या मालात खराब होतात म्हणून बाहेर काढून ठेवले होते. तिने उंबऱ्याशी उभं राहून थोडा वेळ त्याच्या तळव्यांकडे बघितलं.

"मी ठोकलं," तो मान न वळवता म्हणाला. "तू उत्तर दिलं नाहीस."

"खाली गेले होते."

"हं. मला वाटलंच, दूध आणायला गेली असशील."

तिने चौकटीला हात लावला. तो हात तिथेच राहिला. खाली रस्त्यावरून दादाचा आवाज येत होता, तो कोणाला तरी सांगत होता की रोलर आहे, कोपऱ्यावर रस्ता दाबतायत, काही नाही, पाय मोकळे करायला आलो होतो.

"दादाला सांग, नवी चप्पल घे म्हणावं," फरशीवाला म्हणाला. "पेल्यांपायी टाचेला इतकी भोकं पाडून ठेवलीयत, पाय मुरगळेल. पहिल्याच दिवशी बघितलं मी. म्हटलं, एवढं केलंय तर राहू दे, वहिनीला तरी धड जेवता येईल."

तिला हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधी तिची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. पेला जागेवर होता. रिकामा होता.

"यातलं पाणी?"

"कशातलं?"

"पेल्यातलं."

त्याने वळून पेल्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा पेल्याकडे, जरा जास्त वेळ.

"प्यायलो," तो म्हणाला. "तहान लागली होती."

ते पाणी आठवडाभराचं होतं आणि त्यावर सिमेंटची धूळ बसलेली होती. पुढचे दोन दिवस त्याचं पोट बिघडलं, आणि शेवटची ओळ तशीच राहिली.